घोकलेल्या चाली कोणाच्या? बुद्धिबळाची इंजिनं, ओपनिंग बुक आणि माझा कापूस

मागच्या लेखात ‘ट्रेन-टेस्ट स्प्लिट’ म्हणजे काय ते सांगितलं होतं, आणि पुढच्या वेळी माझ्याच कामातली एक चूक सांगेन असं कबूल केलं होतं. ती सांगणारच आहे, पण जरा बुद्धिबळाच्या वाटेनं. कारण मला ती कळली तीच मुळी बुद्धिबळामुळे.

झालं असं. दिवाळीत मामाकडे गारखेड्याला गेले होते. मामेभाऊ आठवीत आहे, जिल्ह्याच्या स्पर्धा खेळतो. ताटं वाढून होईपर्यंत तो मोबाइलवर एका ओपनिंगच्या चाली घोकत बसला होता. मी सहज म्हटलं, “अरे, हे म्हणजे अपेक्षित प्रश्नसंच पाठ केल्यासारखं झालं. यात डोकं कुठे चालवलंस तू?” त्यानं मान वर न करताच विचारलं, “ताई, दिव्या देशमुखची पण तयारी असतेच ना? मग ती चीटिंग असते का?”

मला उत्तर सुचलं नाही. नागपूरच्या दिव्यानं जुलै २०२५ मध्ये बातुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली. तिनं घरी तयारी केली म्हणून तिचं यश कोणी कमी मानत नाही. उलट तयारी हा खेळाचाच भाग आहे असं आपण म्हणतो. पण हाच प्रश्न माणसाऐवजी यंत्राला लावला की गुंता सुरू होतो. संगणकाला सुरुवातीच्या चाली आधीच भरून दिल्या, तर जिंकलं कोण? संगणक, की चाली भरणारा?

संगणक-बुद्धिबळाच्या जगात या प्रश्नावर कित्येक दशकं भांडण चालू आहे. मी ते वाचत गेले. माझं मत असं झालं की दोन्ही बाजू बऱ्याचदा चुकीच्या मुद्द्यावर भांडतात. ते का, ते सांगते.

आधी ओपनिंग बुक म्हणजे काय ते पाहू

बुद्धिबळात पहिल्या चालीला पांढऱ्याकडे २० पर्याय असतात, काळ्याकडेही २०. म्हणजे दोघांची एकेक चाल होईपर्यंत ४०० वेगवेगळ्या स्थिती तयार होतात. पुढे हा आकडा भराभर फुगत जातो. इंजिनाला (बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमला ‘इंजिन’ म्हणतात) सुरुवातीला फार पुढचं दिसत नाही. प्यादं दोन घरं पुढे सरकवल्याचा फायदा तीस चालींनंतर दिसणार असेल, तर तो मोजून काढणं कठीण. माणसांनी मात्र शे-दीडशे वर्षं खेळून, हरून, लिहून ठेवून हे ज्ञान जमवलंय. मग ते आयतंच द्यायचं.

‘बुक’ म्हटलं तरी ते पुस्तक नसतं, ती एक फाइल असते. ‘पॉलिग्लॉट’ नावाचा एक जुना प्रचलित प्रकार आहे. त्यातली प्रत्येक नोंद १६ बाइटची: ८ बाइट पटावरच्या स्थितीची ओळख, २ बाइट चाल, २ बाइट त्या चालीचं वजन, आणि उरलेले ४ बाइट ‘शिकण्यासाठी’. इंजिन पटाकडे बघतं, ती स्थिती फाइलमध्ये सापडते का ते पाहतं, सापडली तर काहीही विचार न करता तिथली चाल खेळतं. सापडली नाही की मग ‘पुस्तक संपलं’, आणि खरा शोध सुरू.

म्हणजे एकाच डावात दोन वेगळी यंत्रं खेळतात. पहिल्या पंधरा-वीस चाली स्मरणशक्ती, नंतर शोधशक्ती. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कापसात तोच कामाला येणार आहे.

न्यूयॉर्क, ११ मे १९९७

कास्पारोव विरुद्ध डीप ब्लू, सहावा आणि शेवटचा डाव. गुण बरोबरीत. काळ्याकडून खेळणाऱ्या कास्पारोवनं कारो-कान बचाव घेतला आणि सातव्या चालीला एच-६ वर प्यादं सरकवलं. डीप ब्लूनं आठव्या चालीला घोडा ई-६ वर मारून बळी दिला. एकोणीस चालींत कास्पारोवनं डाव सोडला. सामना ३.५–२.५ असा यंत्रानं जिंकला, आणि ‘यंत्रानं माणसाला हरवलं’ हा मथळा जगभर गेला.

सेकंदाला २० कोटी स्थिती तपासणाऱ्या यंत्रानं घोड्याचा बळी ‘शोधून’ काढला असं अनेकांना वाटलं. पण ती चाल ओपनिंग बुकातून आली होती. डीप ब्लूच्या बुकावर जोएल बेंजामिन आणि त्यांच्या जोडीला मिगेल इयेस्कास, निक डी फिर्मियन, जॉन फेडोरोविच असे ग्रँडमास्टर काम करत होते. इयेस्कास यांनी २००९ च्या एका मुलाखतीत सांगितलं की घोडा मारण्याची ती सूचना त्यांनी त्याच दिवशी सकाळी यंत्रात घातली होती!

आता यात गैर काय? माझ्या मते, चाल भरण्यात काहीच गैर नाही. कास्पारोवकडेही मदतनीस होते, त्यांच्याही वह्या भरलेल्या होत्या. गैर आहे ते मथळ्यात. त्या डावात जिंकलं ते ‘एक यंत्र आणि चार ग्रँडमास्टर’ असं पथक. पथकानं जिंकणं हा गुन्हा नाही, पण पथकाचं श्रेय एकट्या यंत्राच्या नावावर मांडलं की हिशेब चुकतो. त्या दिवशी मोजली गेली ती एका चमूची तयारी. लोकांनी वाचलं ते मात्र ‘यंत्राची बुद्धी’.

शिवाय दोन डावांच्या मध्ये बुक बदलायची मुभा होती, आणि डीप ब्लूचे आधीचे डाव आपल्याला अभ्यासाला मिळाले नाहीत ही कास्पारोवची तक्रार होती. म्हणजे एकाचा इतिहास उघडा, दुसऱ्याचा बंद. मला खरी असमानता इथे दिसते. पुस्तक असण्यापेक्षा ते लपवलेलं असणं जास्त खटकतं.

बॉननं काढलेली वाट

नऊ वर्षांनी, २००६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जर्मनीत बॉनला क्राम्निक विरुद्ध डीप फ्रिट्झ सामना झाला. तिथल्या नियमांत एक कलम मला फार आवडलं: फ्रिट्झ जोवर आपल्या बुकातून खेळतोय, तोवर क्राम्निकला त्याचं बुक पडद्यावर पाहता येईल. यंत्र कोणत्या चालीकडे झुकतंय, पुढे काय लिहून ठेवलंय, सगळं समोर. क्राम्निकला सरावासाठी प्रोग्रॅमही आधी मिळाला होता, आणि सामना सुरू झाल्यावर बुकातल्या मर्यादित बदलांपलीकडे काही बदलायला बंदी होती.

क्राम्निक तरीही ४–२ नं हरला. दुसऱ्या डावात तर एका चालीतली मात त्याला दिसली नाही. पण त्या निकालावर ‘बुकानं जिंकवलं’ असा आरोप सहज करता येत नाही, कारण बुक झाकलेलं नव्हतं. इथे कोणी पुस्तक काढून घेतलं नाही, ते फक्त टेबलावर उघडं ठेवलं.

‘दोघांनाही पुस्तक नाही’: दिसायला समान, पण…

आता माझ्या क्षेत्राच्या जवळची गोष्ट. डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंडनं अल्फाझीरोचा प्रीप्रिंट टाकला. फक्त नियम देऊन, स्वतःशीच खेळून शिकलेल्या या प्रोग्रॅमनं स्टॉकफिश ८ विरुद्ध १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. आम्ही सगळे थक्क झालो होतो.

पण अटी वाचल्या तर? स्टॉकफिशला ओपनिंग बुक नव्हतं. प्रत्येक चालीला बरोबर एक मिनिट. मेमरी (हॅश) फक्त १ जीबी, तीही ६४ थ्रेडसाठी. स्टॉकफिशच्या मूळ कर्त्यांपैकी टॉर्ड रोमस्टाड यांनी वेळेच्या आणि मेमरीच्या या अटींवर जाहीर आक्षेप घेतला. कुठे जास्त वेळ द्यायचा आणि कुठे कमी, हे ठरवण्यावर स्टॉकफिशमध्ये बरीच मेहनत झाली होती. ठरावीक एक मिनिट दिल्यावर ती मेहनत वाया.

बुकाबद्दल बचाव असा होता की अल्फाझीरोकडेही बुक नव्हतं, मग अन्याय कुठे? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. मला तो पटत नाही. अल्फाझीरो स्वतःशी लाखो डाव खेळून शिकला, आणि त्यातला प्रत्येक डाव त्याच सुरुवातीच्या स्थितीपासून सुरू होत होता. म्हणजे सुरुवातीच्या चालींचा सगळ्यात जास्त सराव झाला. ते ज्ञान वेगळ्या फाइलमध्ये नव्हतं इतकंच. ते नेटवर्कच्या वजनांमध्ये मुरलेलं होतं. तेव्हाच्या स्टॉकफिशची रचनाच अशी होती की सुरुवात बुक सांभाळेल आणि इंजिन पुढचं पाहील. एकाचं पुस्तक दप्तरात, दुसऱ्याचं डोक्यात. दप्तरं बाहेर ठेवायला सांगितली की नियम समान दिसतो, नुकसान मात्र एकाचंच होतं.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. डिसेंबर २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये पूर्ण शोधनिबंध आला. या वेळी १००० डाव, तीन तास आणि चालीमागे १५ सेकंदांची वाढ, अशी स्पर्धेसारखी वेळ. अल्फाझीरोनं १५५ जिंकले, ६ हरले, बाकी बरोबरी. शिवाय ठरवून दिलेल्या सुरुवातींपासूनचे सामने आणि चांगलं ओपनिंग बुक असलेल्या स्टॉकफिशविरुद्धचा सामनाही घेतला. सगळीकडे अल्फाझीरोच वरचढ.

मग पहिल्या वेळचा आक्षेप फुकट होता का? मला तर तो बरोबर होता असंच वाटतं. दहावीला गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर आणि रीत चूक असेल तर मास्तर गुण कापायचे. आपण चिडायचो, पण ते योग्यच होतं. २०१७ चं उत्तर बरोबर निघालं, पण ते बरोबर आहे हे सांगण्याचा अधिकार २०१८ च्या रीतीनं मिळाला. आणि ती रीत आली ती आक्षेप घेणाऱ्यांमुळे, हे विसरता कामा नये.

टीसीईसीचा उपाय आणि त्याचीही बाजू

टॉप चेस इंजिन चॅम्पियनशिप, म्हणजे टीसीईसी, ही २०१० पासून चालणारी स्पर्धा. तिथल्या सुपरफायनलमध्ये इंजिनांचं स्वतःचं बुक चालत नाही. आयोजक ५० सुरुवाती ठरवतात, आणि प्रत्येक सुरुवात दोनदा खेळवली जाते: एकदा ‘अ’ पांढऱ्याकडून, एकदा ‘ब’. एकूण १०० डाव. जेरोन नूमेन यांच्यासारखे जुने जाणकार त्या सुरुवाती निवडत आलेत.

यामागचं गणित साधं आहे. समजा एखादी सुरुवात पांढऱ्याला झुकलेली आहे. ‘अ’ पांढऱ्याकडून जिंकला आणि ‘ब’ही पांढऱ्याकडून जिंकला, तर १–१. सुरुवातीचा पक्षपात कापला गेला. पण ‘अ’ पांढऱ्याकडून जिंकला आणि काळ्याकडून बरोबरी वाचवली, तर १.५–०.५, आणि हा फरक इंजिनांचाच. स्टॉकफिशचे कार्यकर्ते स्वतःच्या प्रत्येक बदलाची चाचणी अशाच जोड्यांनी घेतात, आणि मुद्दाम असमतोल सुरुवाती वापरतात. कारण समतोल सुरुवातीपासून दोन तगडी इंजिनं खेळली की जवळजवळ सगळे डाव बरोबरीत सुटतात आणि मोजायला काही उरत नाही.

आणखी एक फायदा आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बुकाशिवाय तीच दोन इंजिनं एकाच स्थितीपासून शंभर डाव खेळली, तर त्यातले कित्येक डाव सुरुवातीला सारखेच असतील. म्हणजे नावाला शंभर नमुने, पण स्वतंत्र नमुने कमी. वेगवेगळ्या सुरुवाती दिल्या की नमुने खरंच वेगळे होतात.

पण हाही उपाय निर्दोष नाही. निवडीची ताकद इंजिनाच्या चमूकडून निघून आयोजकाकडे गेली. सुरुवात फार झुकलेली निवडली तर प्रत्येक जोडी १–१, कमी झुकलेली निवडली तर सगळ्या बरोबऱ्या. मधली पट्टी कोणती, हे माणूसच ठरवतो. शिवाय एखाद्या इंजिनाला जी स्थिती मुळात आवडत नाही, जी ते कधीच येऊ देणार नाही, तिथून त्याला खेळावं लागतं. म्हणजे टीसीईसी मोजते ती ‘दिलेल्या स्थितीतून खेळण्याची क्षमता’. याउलट १९७४ ला स्टॉकहोममध्ये सुरू झालेल्या जागतिक संगणक-बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धेत प्रत्येक चमू आपलं बुक घेऊन येत असे. तिथे मोजलं जायचं ‘संपूर्ण पथक’. दोन्ही स्पर्धा प्रामाणिक आहेत, फक्त त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. भांडण होतं ते एका स्पर्धेचा निकाल दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून दाखवला की.

पुस्तक कोणाच्या मालकीचं?

‘रास्त वापर’ याचा एक कायद्याचा अर्थही आहे, त्यावर थोडक्यात. २०११ मध्ये रिब्का या इंजिनाचे जागतिक किताब काढून घेतले गेले, कारण त्यात क्राफ्टी आणि फ्रूट या इंजिनांचा कोड उचलल्याचा निष्कर्ष निघाला. कोड उचलला तर एवढी शिक्षा. मग दुसऱ्याच्या बुकातल्या ओळी उचलल्या तर?

नुसत्या चालींवर मालकी सांगणं अवघड आहे. झालेल्या डावातल्या चाली म्हणजे घडलेली घटना, आणि घटनेवर कॉपीराइट नसतो. अमेरिकेत २०१६ मध्ये जागतिक अजिंक्यपद सामन्याच्या वेळी हाच वाद न्यायालयात गेला होता, आणि चाली प्रसारित करण्यावर मनाई मिळाली नाही. आपल्याकडे ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक हा खटला आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००७ मध्ये सांगितलं की न्यायनिवाड्यांचा मूळ मजकूर सगळ्यांचा, पण त्यावर संपादकानं स्वतःच्या बुद्धीनं केलेली किमान सर्जक भर त्याची. मला हा निकष बुकालाही लागू पडेल असं वाटतं. ‘ई-४’ ही चाल कोणाच्याच बापाची नाही. पण हजारो ओळींतून कोणत्या ठेवायच्या, कोणत्या चालीला किती वजन द्यायचं, प्रतिस्पर्ध्यासाठी कुठे सापळा लावायचा, ही कोणाची तरी रात्र-रात्र जागून केलेली मेहनत आहे. तिचा वापर करायचा तर विचारून करावा, आणि निदान नाव तरी द्यावं.

आता माझा कापूस

माझं पीएच.डी.चं काम कपाशीच्या पानांच्या फोटोंवरून रोग ओळखण्याचं. दहिया, करपा, लाल्या. फोटो फुलंब्री आणि पैठण तालुक्यातल्या शेतांतून मी स्वतः काढलेत, एकेका झाडाचे पाच-सहा, वेगवेगळ्या कोनांतून. सगळे एकत्र करून, पिसून, काही शिकवायला आणि काही तपासायला ठेवले. निकाल इतका छान आला की मी सहामाही प्रगती अहवालात तो ठळक अक्षरात टाकायला घेतला होता.

मामेभावाच्या प्रश्नानंतर हे सगळं वाचत असताना एका रात्री लख्ख जाणवलं. एकाच झाडाचे फोटो दोन्हीकडे गेले होते! माझं मॉडेल कदाचित रोग ओळखतच नव्हतं. ते झाड ओळखत होतं, मातीचा रंग ओळखत होतं. म्हणजे डाव पुस्तकातूनच खेळला जात होता, आणि मी त्याला शोधशक्ती समजून बसले होते. शंभर फोटो म्हणत होते, पण स्वतंत्र झाडं त्याहून किती तरी कमी.

मग शेतानुसार विभागणी केली. पैठणच्या शेतांवर शिकवलं, फुलंब्रीच्या शेतांवर तपासलं, मग उलट. हो, टीसीईसीसारखं, बाजू बदलून. निकाल चांगलाच घसरला. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. “जुनाच आकडा राहू दे, सगळे असंच करतात,” असंही एकानं सुचवलं. खोटं कशाला बोलू, मोह झाला होता. पण फुलंब्रीचा शेतकरी माझं अ‍ॅप उघडेल तेव्हा त्याचं झाड माझ्या फाइलमध्ये नसणार. त्याचा डाव पहिल्या चालीपासूनच पुस्तकाबाहेरचा. चुकीच्या रोगाची फवारणी झाली तर पैसे त्याचे जाणार, माझे नाही.

अहवालात मी दोन्ही आकडे दिले. प्रत्येकापुढे एका ओळीत लिहिलं: हा आकडा ‘पाहिलेल्या शेतांवरचा’, हा ‘न पाहिलेल्या शेतांवरचा’. समितीत प्रश्न भरपूर आले, पण त्यांची उत्तरं देता आली.

मामेभावाला फोनवर सांगितलं, “पाठ करणं चीटिंग नाही रे. पण जिंकल्यावर कोणत्या चाली पाठ होत्या आणि कोणत्या सुचल्या, हे तुला स्वतःला माहीत असलं पाहिजे.” तो म्हणाला, “ते माहीत असतंच, ताई. पुस्तक संपलं की पोटात गोळा येतो ना.”

मॉडेलच्या पोटात गोळा येत नाही. म्हणून त्याचं पुस्तक कुठे संपतं, ते आपल्यालाच शोधून लिहावं लागतं.

पुढच्या लेखात: शेतानुसार विभागणी नेमकी कशी करायची, कोडसकट. तोवर तुमच्या डेटामध्ये एकाच झाडाचे फोटो दोन्हीकडे गेलेत का, तेवढं एकदा बघून घ्या.